फू नसलेली फुगडी

"ह्यो उचलतलो कोण?"

दोन स्पीकर समोर मांडून मी वॉट सांगायला तोंड उघडलं, आणि सुनंदावयनीने पहिला प्रश्न हा विचारला. मोठ्या स्पीकरच्या कडीत हात घालून तिनं तो जमिनीपासून वीतभर उचलला आणि परत ठेवला. "तू येतलस काय दर खेपेक?"

बायका हसल्या. मीही हसलो.

गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं आमचं गाव. तिथल्या फुगडी मंडळाला स्वतःचा स्पीकर घ्यायचा होता. त्या वर्षी पहिल्यांदाच डिचोलीला स्पर्धेत उतरायचं ठरलं होतं आणि तिथे स्पीकर ज्याचा त्याने आणायचा होता. गाणं धरायची सुनंदावयनी. म्हणजे ओळ तिनं टाकायची आणि बाकीच्यांनी झेलायची. तिचा आवाज ऐकू आला नाही तर पाय कुठे टाकायचा हेच कुणाला कळत नाही. निवड माझ्यावर सोपवलेली, कारण गावात साउंडवाला मी एकटाच.

धाकटा स्पीकर दहा इंची, बारा किलोचा. थोरला पंधरा इंची, वजनाला भरलेल्या सिलिंडरच्या थोडाच खाली. इंच म्हणजे आतल्या पडद्याची रुंदी. पडदा मोठा तेवढी धडधड मोठी, आणि बाईमाणसाच्या गळ्याला धडधड लागत नाही. खोक्यावर हजार वॉट छापलेले असतात ते लग्नाच्या बायोडाट्यासारखे. अगदीच खोटे नसतात, पण रोजच्या वापरात तसं कुणी नसतं.

हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी मी थोरल्याची शिफारस केली. त्या सीझनला मी हरमलच्या किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये तसाच स्पीकर लावत होतो आणि तिथले गिटारवाले गोरे मला मास्टर म्हणत होते. चाळिशी उलटलेल्या माणसाला कुणी मास्टर म्हटलं की आधी त्याचा कान जातो, मग अक्कल.

डेमो म्हणून मी मोबाइलवरचं सिनेमाचं गाणं लावलं. ओसरीवरचे तांबे वाजू लागले. बायका खूश. सुनंदावयनी तेवढी म्हणाली, "तुझी गाणी आमका कित्याक? आमची फुगडी ह्येच्यातसून आयकव."

मला चारला हरमल गाठायचं होतं. म्हटलं, वयनी, आवाज तो आवाज. गाण्याला चालतो तो फुगडीला चालणार नाही होय?

नाही चालत.

स्पर्धा दुपारची होती. प्रमुख पाहुण्यांनी माइकला गरम चहाला मारावी तशी फुंकर मारली. फुंकर मारून माइक तपासणाऱ्यांवर मी आयुष्यभर तोंडसुख घेतलंय. तेव्हाही घेतलं. शेजारी डिचोलीचा साउंडवाला रघुवीर उभा होता. त्याला पूर्वी मी चारचौघांत सांगितलं होतं की तुझे भोंगे देवळाच्या कळसावर शोभतात, स्टेजवर नव्हे. तो आज हाताची घडी घालून मी मंडळाला घ्यायला लावलेला थोरला स्पीकर बघत होता.

आमच्या बायका उभ्या राहिल्या. पहिलं कडवं झकास गेलं. वयनीचा आवाज मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला. मग चाल वाढली, फेर वाकला आणि बायकांनी फू घातला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. फुगडी रंगात आली की बायका तालावर तोंडाने फू, फू असा श्वास सोडतात. फुगडीचा तोच जीव. इथे त्या वाकून बरोबर माइकच्या तोंडावर फू घालत होत्या. माइकला फू म्हणजे ठोसा. स्पीकरच्या आत लिमिटर नावाचा पहारेकरी असतो. पडदा फाटू नये म्हणून मोठा ठोसा आला की तो सगळाच आवाज खाली खेचतो आणि मग सावकाश सोडतो. म्हणजे फू झाला की आवाज गडप. त्या दोन सेकंदांत वयनीने टाकलेली ओळ कुणाला ऐकूच जाईना. आवाज परत येईपर्यंत पुढचा फू. निम्म्या बायका डावीकडे, निम्म्या उजवीकडे.

मी स्पीकरच्या पाठीमागे बघितलं. तिथे एक बटण असतं, त्याला तीन जागा. स्पीच, लाइव्ह, क्लब. स्पीचवर खालची धडधड कापली जाते, फूचा ठोसा आत जातच नाही. बटण क्लबवर होतं. डेमोच्या दिवशी मीच ठेवलेलं.

बटण माझ्यापासून हातभर लांब होतं. दाबायला एक क्षण लागला असता. पण दाबलं की आवाज एकदम सुधारणार, आणि इतका वेळ चूक कुणाची होती ते रघुवीरला कळणार. मीही हाताची घडी घातली. दोन साउंडवाले घडी घालून उभे, समोर एक फुगडी बुडत होती.

नंबर आला नाही. परीक्षक म्हणाले, गाणं ऐकू आलं नाही. टेंपोकडे येताना वयनीने मला विचारलं, काय झालं रे? तेव्हाही खरं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "वयनी, वयाप्रमाणे आवाज बसतो थोडो. आणि तो फू माइकात घालू नकात."

पुढच्या चवथीला, म्हणजे गणपतीत, गाणं दुसरीने धरलं. वयनी कडेला बसून टाळ्या वाजवत होती. सहा चवथी तिने तशाच काढल्या. आणि मंडळाने माझा दुसरा सल्लाही तंतोतंत पाळला. फू बंद. नव्या सुना बिनफूची फुगडी शिकल्या. तोंड मिटून गरगर फिरायच्या, दातदुखी झाल्यासारख्या. आमच्या आज्या-पणज्यांनी चालवलेली गोष्ट मी एका बटणापायी बंद पाडली होती आणि वर देवळात साउंड लावल्याबद्दल दर वर्षी मानाचा नारळ घेत होतो.

मी बोलका माणूस नव्हे. घरातही मोजकंच बोलतो. पण गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी वयनीच्या ओसरीवर गेलो आणि सगळं सांगितलं. बटण, क्लब, रघुवीर, हाताची घडी. ती गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीची फळं बांधत होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. माझं सांगून संपलं तेव्हा म्हणाली, "ह्या माका कित्याक सांगतस? माइकार सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळाच्या मंडपात फुगडीला गाव जमला होता. स्पीकर तोच. मी माइकपाशी गेलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी माइकला फुंकर मारली.

फू.

मंडप हसला. सहा वर्षांत त्या स्पीकरमधून आलेला तो पहिला फू. मग मी सांगितलं. वयनीचा आवाज बसला नव्हता, मी बटण दाबलं नव्हतं. रघुवीरसुद्धा आला होता. तो हसला नाही, हे हसण्याहून वाईट.

वयनी उठली, पदर खोचला आणि गाणं धरलं. इथे खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो. तिचा आवाज खरोखरच बसला होता. सहा वर्षं न वापरलेला गळा बसणारच. माझी थाप मीच खरी करून ठेवली होती. पण बटण स्पीचवर होतं आणि प्रत्येक ओळ शेवटच्या खांबापर्यंत पोचत होती. म्हाताऱ्या बायकांनी फू घातला. सुनांनी एकमेकींकडे बघितलं, मग त्यांनीही घातला.

मला वाटलं, सुटलो. फुगडी संपल्यावर वयनी जवळ आली. घामाघूम. स्पीकरकडे बोट दाखवून म्हणाली, "आता ह्यो उचल. आणि दर खेपेक तूच."

स्पीकर निवडायला कुणी आलं तर आता मी वॉट सांगत नाही. आधी तुमचं गाणं त्यात गाऊन दाखवा म्हणतो, आणि मग विचारतो, उचलणार कोण. आमच्या मंडळाचा मीच उचलतो. देवळाच्या पायऱ्या बावीस आहेत. बारा किलोवाला घ्यायला हवा होता.