गच्चीवरचं पिंप

घरात सगळे तिला धाकटी म्हणत. शाळेचे गणवेश शिवून तिची बोटं टणक झाली होती, पण मन भारी भित्रं. विजेला घाबरायची, पालीला घाबरायची, सासऱ्यांना तर लग्न झाल्यापासून. आंब्याच्या बाबतीत मात्र ती हट्टाला पेटली होती. अंगणात लावलेलं पहिलं कलम पाणी साचून मुळाशी कुजलं. मग तिने मोठं प्लास्टिकचं पिंप अर्धं कापून, बुडाला भोकं पाडून, विटांचे तुकडे आणि वाळूमिश्रित माती भरून दुसरं कलम गच्चीवर लावलं. मोहर अवकाळी पावसाने काळा पडायचा, म्हणून वर बांबूंवर प्लास्टिकचा कागद ताणला. यंदा कुठे आंबे धरले होते.

आणि पावसाने ठाण मांडलं. खळ म्हणून नाही.

दुपारी ती सासऱ्यांना चहा द्यायला गेली. त्यांचा एक पाय लुळा, दिवसभर खाटेवरच. कप हातात देताना त्यात चुन्याचा पोपडा पडला. तिने वर पाहिलं. छताला ओली, बारीक भेग गेली होती, आणि भेगेच्या नेमकं वर ते पिंप.

"मामंजी, जरा पलीकडच्या खोलीत चला ना."

"का?"

"गळतंय इथं."

"मग बादली लाव. माणसं कशाला हलवतेस?"

छत अंगावर येईल, असं म्हणायला तिची जीभ रेटेना. घरातले पुरुष कामावर होते. तिने मोठ्या जाऊबाईंना हाक मारली. त्यांनी भेग पाहिली आणि आवाज खाली आणून विचारलं, "पिंपाचं वजन का गं?"

धाकटीने मान डोलावली.

मग दोघींनी चादरीची चारी टोकं धरून सासऱ्यांना ओढत स्वयंपाकघरात नेलं. ते वाटभर बडबडत होते, "मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

आता वर जाणं भाग होतं. कात्री घेऊन ती जिना चढली. जाऊबाई खालून म्हणाल्या, "भिंतीच्या कडेकडेने चाल." पाय टाकला की गच्ची खचेल असं तिला वाटत होतं. वर घोटाभर पाणी. पाणी जायच्या तोंडाशी पानांचा लगदा अडकलेला. वरचा कागद वाऱ्याने फाटला होता आणि पिंप तर काठोकाठ भरलेलं. मुळांनी आणि गाळाने बुडाची भोकं बुजली होती. तिने वाकून लगदा उपसला, मग पिंपाच्या अंगात खालच्या बाजूला कात्री खुपसून पीळ देत राहिली. गढूळ पाणी भसाभस बाहेर आलं.

तेवढ्यात खाली धपकन आवाज झाला.

"ताई," तिने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग ती जिन्यावरून बसत बसत उतरली. खोलीत प्लास्टरचा भलामोठा पापुद्रा खाटेवर पडला होता आणि उशी त्याच्याखाली गेली होती. जाऊबाई दारात तोंडावर हात धरून उभ्या होत्या. स्वयंपाकघरातून सासरे विचारत होते, "काय सांडलं गं?"

तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

पाऊस उघडल्यावर गवंडी आला, छत ठोकून बघत म्हणाला, "स्लॅब धड आहे, नुसतं प्लास्टर सुटलंय. पण ते झाड खाली घ्या." दिरांनी आणि नवऱ्याने पिंप दोरांनी उतरवलं. परसात मागच्या भिंतीशी गुडघाभर उंच मातीचा ओटा करून, पाणी चहूकडून निघून जाईल असं बघून, धाकटीने कलम त्यावर लावलं. उतरवताना बरेच आंबे गळाले. राहिलेल्यांतला एक सासऱ्यांनी खाल्ला, आंबट आहे म्हणाले आणि दुसरा मागितला.

पण सर जोरात आली की अजूनही तिचं शिवणयंत्र थांबतं. हातातलं काम टाकून ती त्यांच्या खोलीच्या दाराशी येते आणि छताकडे बघत राहते. सासरे डोळे मिटूनच म्हणतात, "आहे अजून जागेवर. जा, शीव तू."

ती जाते, पण लगेच नाही.