चौथा सड

बायको जाऊन दोन महिने झाले तेव्हा पुण्याहून नात आली. आष्ट्याच्या बाजूला आमचं घर, दारात एक म्हैस आणि तिचं तीन महिन्यांचं रेडकू. मी चहा ठेवला तर म्हणाली, "आबा, माझा बिनदुधाचा."

मला वाटलं पोट बिघडलंय. तर म्हणे दूध-तूप सोडलंय. जनावराचं काहीच घेत नाही. मला राग आला. हिच्या आजीनं हिला याच दारातल्या दुधावर वाढवलेलं.

शेजारचा जैन शेतकरी रोज चहाला येतो, माझ्याच वयाचा. तो हसला. "पोरी, आमी कांदा-बटाटा सोडणारी माणसं. पण दूध सोडायचं आमच्याबी डोक्यात आलं न्हाई कवा."

मी म्हणालो, "भाजीलाबी जीव असतोय. मेथी उपटताना वरडत न्हाई म्हणून चालतंय व्हय?"

"मेथीच्या मागं तिचं पिल्लू ओरडतं का, आबा?"

"मग वाघ काय भाकरी खातोय?"

"वाघाला चूल पेटवता येत नाही. तुम्हाला येते."

शेजारी परत हसला, या वेळी माझ्यावर.

"जनावरं न्हाई पाळली तर शेणखत कुठनं आणायचं? रान काय पुण्याच्या हवेवर पिकतंय?"

ती म्हणाली, "ते मला माहीत नाही." उगाच ठोकून दिलं नाही, हे मला आवडलं. पण जिंकलो असं वाटून मी पुढं बोललो.

"आमी लुबाडत न्हाई. कासेचे तीन सड आमचे, चौथा रेडकाचा. तुझ्या आजीनं जन्मात चौथ्या सडाला हात लावला न्हाई."

ते खरं होतं. ती आधी रेडकू लावायची, म्हशीनं पान्हा सोडला की त्याला बाजूला ओढायची, तीन सड पिळायची आणि त्याला परत सोडायची. डेअरीवाला म्हणायचा, "वहिनी, रेडाच हाय, त्याच्यावर कशाला दूध वाया घालवताय?" ती म्हणायची, "तुझ्या आईनंबी तुझ्यावर घालवलंच की, मी बोलले का काय?"

नात म्हणाली, "आता धार कोण काढतं?"

"मी."

"किती सड?"

मी उठून कपबश्या गोळा केल्या. जन्मभर मी वैरण टाकली, शेण ओढलं. धार काढायची पाळी बायको गेल्यावर आली. कास रिकामी होईस्तोवर पिळायची, एवढंच मला कळत होतं. चारी सड पिळत होतो. दूध पिणारा मी एकटा, बाकीचं डेअरीला. रेडकाच्या बरगड्या दिसायला लागल्या तर मी लोकांना सांगायचो, तिच्या आठवणीनं वाळलंय. जे जे वाळलं ते मी तिच्या जाण्यावर ढकलत होतो.

नात दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. त्या दिवशी मी धार काढलीच नाही, रेडकाचं दावं सोडलं. ते कासेपाशी गेलं, दोनदा ढुशी दिली आणि खाली बसलं. जनावरांच्या डॉक्टरनं सुई दिली, पण उशीर झालाय म्हणाला. तिसऱ्या दिवशी ते मेलं.

डेअरीवाला म्हणाला, "रेडाच व्हता न्हवं आबा, सुटलासा."

मी त्याला दारातनं घालवला.

संध्याकाळी नातीचा फोन. "रेडकू कसं आहे?" आमच्याकडं जनावर मेलं तरी माणसासारखं 'गेलं' म्हणतात. ते तोंडात आलंच होतं.

"मी मारलं," म्हणालो.

"असं म्हणू नका आबा."

"मग कसं म्हणू? सांग की."

फोन तसाच चालू राहिला. मागं म्हैस ओरडत होती, आणि ते तिला तिकडं ऐकू जात होतं.