खाली गॅस बंद आहे का?

“जागेवर उड्या, सुरू कर!” मी ओरडले आणि शिट्टी फुंकली. शिट्टी कुणालाच ऐकू गेली नाही. बाहेरचा गोंगाट गाळणारं ऑनलाइन वर्गाचं ॲप माझी शिट्टीही गोंगाटातच जमा करत होतं, हे मला नंतर कळलं. माझे फुगलेले गाल बघून मुलांनी अंदाजाने उड्या मारल्या. स्क्रीनवर सानिका उडाली आणि शेजारच्या चौकटीत अथर्वच्या डोक्यावर माती पडली.

दोघंही माझ्या सातवीतले. परळच्या एकाच चाळीत राहणारे. ती दुसऱ्या मजल्यावर, तो बरोबर तिच्या खाली. चाळ जुनी, लाकडी. सानिकाची जमीन म्हणजे अथर्वचं छत.

मी त्यांची पीटीची बाई. लॉकडाऊन लागला तसे मराठी, गणित, इतिहास सगळे मोबाइलमध्ये जाऊन बसले. मैदान काही मोबाइलमध्ये मावेना. मुख्याध्यापक सरांचा फोन आला.

“बाई, मॅनेजमेंट विचारतंय, पीटीची पोस्ट आत्ता कशाला?”

“सर, मी ऑनलाइन घेते ना.”

“पीटी? ऑनलाइन?”

“टीव्हीवर योगासनं घेतातच की, सर.”

“बघा बुवा. ट्रस्टी साहेब स्वतः तुमचा एक तास बघणार आहेत. मग काय ते ठरवतील.”

ठरवतील म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. शाळेत तुमचं काम उरलं नाही की तुम्ही ‘अतिरिक्त’ ठरता. मग जिथे जागा असेल तिथे तुम्हाला पाठवतात. पगार चालू राहतो, आपली मुलं मात्र सुटतात. चिंचपोकळीहून चालत येऊन मी याच मैदानावर केस पिकवले होते. मी चांगलीच घाबरले होते.

आणि त्यात ही माती. अथर्वची मालवणी आजी हातात टोप घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर आली.

“बाईनु, त्या वरच्या चेडवाक सांगा, नाचता कित्याक? माज्या डाळीत माती पडली!”

“आजी, पीटी चालू आहे.”

“पीटी करूक व्हयी तर मैदानात करा.”

“मैदान बंद आहे ना, आजी.”

“मग माजी डाळ तरी शिजाक देवा!”

बिनतोड मुद्दा होता. मी जागेवर धावणं देऊन बघितलं. तेही धाडधाडच. बसून हात फिरवायला लावले, तर मुलं हात फिरवता फिरवता पेंगायला लागली. शेवटी तोडगा चाळीनेच काढला. नळावर पाणी कुणी कधी भरायचं हे चाळीत ठरलेलं असतं, तसं उड्यांचंही ठरलं. वरच्याने गॅलरीतून खाली वाकून विचारायचं, “खाली गॅस बंद आहे का?” खालून “हो” आलं की उडी.

वर्गातली बरीच मुलं अशाच चाळींतली, त्यामुळे ही पद्धत सगळ्यांनी उचलली. माहीमच्या टॉवरमध्ये राहणारा रोहनसुद्धा उडी मारण्याआधी इमानदारीत विचारायचा. त्याच्या घराखाली पार्किंग होतं.

साहेबांचा दिवस उजाडला. घरातल्या घरात सफारी घालून ते कॅमेऱ्यासमोर बसले. मी जोरात ऑर्डर दिली, “जागेवर उड्या!”

कुणी हलेना. सगळे खालच्या उत्तराची वाट बघत होते.

“नेट अडकलंय का?” साहेबांनी विचारलं.

“नाही सर,” सानिका म्हणाली, “खाली आमटी आहे.”

साहेब चष्मा काढून पुसायला लागले. माझी पोस्ट आता आमटीत बुडते, असं मी धरूनच चालले. तेवढ्यात खालून आजीचा आवाज आला.

“झाली गो बाय! मार आता उडी!”

पोरं अशी उडाली म्हणता! सानिकाच्या मागे तिचे बाबा हात वरखाली करायला लागले. खाली आजीही पदर खोचून उभी राहिली. कुणाचे काका, कुणाची आत्या, सगळे चौकटीत शिरले. इतके दिवस खोलीत कोंडलेली ती पोरं लालबुंद होऊन हसत होती. मला एकदम भरून आलं.

“बाई, उपस्थिती उत्तम आहे,” साहेब म्हणाले. “काही विद्यार्थी वयाने जरा मोठे वाटतात.”

“पालक सहभाग, सर.”

“व्हेरी गुड! हे रिपोर्टमध्ये घाला.”

पोस्ट वाचली. पीटी शेवटपर्यंत चालली. आमटीसाठी थांबलो तेवढंच, बाकी एक तास बुडाला नाही.

मग शाळा उघडली. मी मैदानावर फक्की टाकून लाइनी आखून घेतल्या, बॉलमध्ये हवा भरली. मुख्याध्यापक सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

“बाई, पोरांचा अभ्यास फार मागे पडलाय. पीटीचे तास तूर्त गणिताला देतोय. तुम्ही गेटवर टेंपरेचर बघा.”

“सर, आणि माझी पोस्ट?”

“पोस्ट आहे की! तुमच्या रिपोर्टचं तर वरपर्यंत कौतुक झालंय.”

दुसऱ्या दिवशी मी मशीन घेऊन गेटवर उभी राहिले. सानिका नवे बूट घालून आली होती.

“बाई, आज मैदानावर ना?”

“नाही गं. गणित आहे.”

“असं काय हो बाई? घरी होतो तेव्हा तर नेमाने व्हायची पीटी!”

खरंच होतं. मुलांना खेळाचा तास पुरा मिळायला आधी शाळा बंद असावी लागते, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला तेव्हा कळलं. मी तिच्या कपाळासमोर मशीन धरलं. टेंपरेचर नॉर्मल होतं. नियमाप्रमाणे तिला गणिताला सोडलं.