शेवग्याच्या आळ्यात धुतलेले हात

माझा हात लवकर उठतो. त्या दुष्काळात तो इतक्या वेळा उठला, की आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते. सगळ्याच वेळांची नाही. काही वेळा उठला ते बरंच झालं, असं मी आजही म्हणेन.

पाटोद्याजवळच्या आमच्या गावात तेव्हा दर तिसऱ्या दिवशी टँकर यायचा. माझी लेक दोन वर्षांची होती आणि सारखी आजारी. पंधरा दिवस बरे गेले की हगवण, मग ताप, मग खोकला. पोट पुढं आलेलं आणि हातपाय नुसत्या काड्या. अंगणवाडीच्या ताई भेटतील तेव्हा तेच सांगायच्या. पाणी उकळून पाजा, खाण्याआधी साबणानं हात धुवा, अंडं द्या, पालेभाजी द्या, लस चुकवू नका, घरी म्हैस आहे तर कपभर दूध द्या. मी मान डोलवायची आणि चरफडत घरी यायची. आमच्या घरी दूध होतं, पण लेकरासाठी नव्हतं.

सासरे गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन होते. सकाळी चेअरमनच्या घरची किटली सगळ्यांत आधी मापाला लागायची, असा आमच्या गावातला मान. मागं सगळं गाव आपापल्या किटल्या घेऊन उभं. चाऱ्याविना म्हैस आटत चाललेली, आणि आपली किटली हलकी दिसू नये म्हणून घरात चहासुद्धा बिनदुधाचा. लेकराला येसराच्या, म्हणजे मसाल्याच्या भाजक्या पिठाच्या, पातळ आमटीत कुस्करलेली भाकरी. नवरा साखर कारखान्यावर नोकरीला, हंगामात घरी फिरकायचाच नाही. लेकराचे हात धुवायला तांब्या उचलला, की सासूबाई तो हिसकावून घ्यायच्या.

"प्यायला पाणी न्हाई, अन् हात कावून धुतीस?"

एका दुपारी टँकरनं विहिरीत पाणी सोडलं आणि आम्ही बायका काठावर तुटून पडलो. माझा दोर दुसरीच्या दोरात अडकला. तिनं हातातली घागर माझ्या कपाळावर घातली. मी तिच्या झिंज्या धरून तिला खाली लोळवलं. पोट भरून मारलं तिला, खोटं कशाला बोलू. अर्धी घागर आणि डोळ्यात उतरणारं रक्त घेऊन मी घराकडं निघाले, तेव्हा लेकीचं किंचाळणं गल्लीतच ऐकू आलं.

सासूबाई चुलीपुढं बसल्या होत्या. लेक त्यांच्या मांडीखाली दाबलेली. दाभणाला टोचलेला बिब्बा विस्तवावर धरलेला, त्यातून काळं तेल गळत होतं, आणि लेकीच्या बेंबीभोवती त्या तेलाच्या फुल्या. हगवणीवर आमच्याकडं हाच उपाय करायचे. फुल्यांखालची कातडी फुगायला लागली होती.

मी घागर टाकली. पाणी सगळ्या घरभर झालं. दाभण हिसकावून घेतलं आणि तोच तापलेला बिब्बा सासूबाईंच्या मनगटावर दाबून धरला. त्या ओरडल्या नाहीत. माझ्याकडं बघत राहिल्या.

"माझ्या आईनं मला दिला, मी माझ्या लेकरायला दिला," त्या म्हणाल्या. "तीन गेली, दोन जगली. मला दुसरं काय येतंय?"

तेव्हा मला त्यांची दया आली नाही. आज येते.

लेकीला पदरात गुंडाळून मी जीपनं पाटोद्याला गेले. डॉक्टरांनी तिचं पोट पाहिलं आणि मला उभं-आडवं झापलं. सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी लेकीनं डोळे उघडले तेव्हा ते जरा नरमले. म्हणाले, "घाण पाण्यानं पोट बिघडतंय, अन् अंगात ताकद न्हाई म्हणून प्रत्येक आजार धरतोय तिला. असंच चाललं तर पुढच्या खेपेला हाती लागायची न्हाई. घरात दूध हाय का?"

"हाय," मी म्हणाले. "डेअरीला जातंय."

त्यांनी फक्त माझ्याकडं पाहिलं, आणि ती नजर मला दाभणासारखी टोचली.

संध्याकाळी घरी आलो तर सासऱ्यांनी दारातच माझ्या कानाखाली लगावली. सासूवर हात टाकला म्हणून. मी खाल्ली. ती माझ्या वाट्याची होतीच.

सकाळी मात्र मी त्यांच्या मागोमाग डेअरीवर गेले. लेक कडेवर, हातात लोटा. त्यांनी किटली मापाशी ठेवली, मी झाकण काढलं आणि सगळ्या गावादेखत लोटा आत बुडवला. त्यांनी माझं मनगट पिरगाळलं, लोटा सांडला. मग मी किटलीलाच लाथ घातली. दूध मातीत पसरलं. पाण्याला महाग झालेल्या गावात ते दूध मातीत मुरताना बघत सगळे उभे राहिले. कुत्री तेवढी धावत आली.

"रोज सांडीन," मी म्हणाले. "आदी लेकराचं, मग डेअरीचं."

सासऱ्यांचा हात वर गेला होता. कडेवरच्या लेकीनं तो पाहिला आणि दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं झाकलं. हात हळूहळू खाली आला. दुसऱ्या दिवसापासून लोटाभर दूध घरात राहिलं. चेअरमनची किटली मापाला पहिलीच लागायची, फक्त हलकी.

मग मी हट्टाला पेटले. पाणी उकळल्याशिवाय लेकीच्या ओठाला लागू दिलं नाही. परसातल्या शेवग्याच्या आळ्यात उभी करून तिचे हात धुवायची, म्हणजे तेच पाणी झाडाला. त्याचा पाला वरणात, भाकरीच्या पिठात. एक दिवसाआड अंडं. लस एकही चुकवली नाही. तिला शेवगा कडू लागायचा, मी नाक दाबून घास कोंबायची. हात न धुता भाकरीला शिवली की पाठीत धपाटा. पाऊस पडेपर्यंत तिची हगवण थांबली होती, दंड भरले होते, आणि गावभर मी सांगत फिरत होते की लेक मी मरणाच्या दारातून ओढून आणली.

आता ती बीडला असते. तिचा मुलगा दोन वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात गेले होते. पोर अंगणातून मातीचे हात घेऊन आलं आणि ताटातल्या पोळीवर झेपावलं. मी त्याचं मनगट धरलं आणि नळाकडं ओढलं. तो रडायच्या आत लेक मध्ये आली. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली.

"आई, मी धुते," ती म्हणाली.

तिच्या पोटावर बिब्ब्याचे काळे डाग अजून आहेत. ते कुणी दिले हे तिला आठवत नाही, मी सांगितलं तेवढंच तिला माहीत. शेवग्याच्या आळ्यातले माझे धपाटे मात्र तिला सगळे आठवतात. नळापाशी ती त्याच्याशी काहीतरी हळू बोलत होती, पोर साबणाचा फेस उडवून हसत होतं. ते दोघं येईपर्यंत मी ताटाशी हात मांडीखाली घेऊन बसून राहिले.