एकतिसाव्या चित्राची पाठ

पुण्याहून निघालो तेव्हा पेटीत क्रिकेटवीरांची एकोणपन्नास चित्रं होती. सिगारेटच्या पाकिटातून निघणाऱ्या या चित्रांचा संच पन्नासांचा. लढाईने कागद महागला, चित्रं बंद पडली आणि माझं एकतिसावं राहिलं. त्याच्यासाठी कचेरीतून रजा काढली. मी सिगारेट ओढत नाही, हा वेडेपणा आणखी वेगळा.

साताऱ्यात एका वकिलांकडे ते होतं. "कोपरे मळले होते, म्हणून कातरले," वकील अभिमानाने म्हणाले. वर खळ लावून वहीत चिकटवलेलं! चित्राची सारी किंमत कोपऱ्यांत आणि कोऱ्या पाठीत. पण गाढवाला गुळाची चव काय? चहाही पाणचट होता. "विट्याकडच्या माझ्या अशिलाच्या दारावर असली चित्रं टांगलीत," एवढं मात्र त्यांनी सांगितलं.

कोळशाच्या गॅसवरची मोटार प्रत्येक चढाला उतारूंना खाली उतरवी. विट्यापासून दोन कोस पायी. अशील म्हणजे एक म्हातारा शेतकरी. त्याने सोप्यात (ओसरीत) बसवून भाकरी आणि खर्डा (मिरचीचा ठेचा) वाढला. वर पाहिलं. दारावर मण्यांचं तोरण, त्यात ओवलेली अकरा चित्रं. शेवटचं एकतिसावं! सुईची चार भोकं, धुराने काळवंडलेलं. माझ्या टिपणवहीत शेरा मारला: टाकाऊ. तरी हात शिवशिवत होते.

"लेक पलटणीत हाय," म्हातारा म्हणाला. "दर पत्रात येक चित्र घालतुया. सूनबाईनं तोरण केलंय. त्यो आल्याबिगर सोडायचं न्हाई."

मी माझ्याकडची संचाबाहेरची, जादाची पाच करकरीत चित्रं एकतिसाव्याच्या बदल्यात पुढे केली. सून दाराआड होती. परक्याशी बोलायची रीत नाही, म्हणून ती सासऱ्याशी बोलली. एक चित्र मागून घेतलं, उलटून पाहिलं, परत दिलं.

"मामंजी, पावण्यास्नी म्हणावं, ह्ये कोरंच हाय की. ह्याच्यात काय बी न्हाई."

म्हाताऱ्याने तोरण उलटं धरलं. प्रत्येक पाठीवर पेन्सिलीने एकच शब्द: खुशाल.

"ह्ये समद्यात शेवटचं," एकतिसाव्यावर बोट ठेवून तो म्हणाला. "त्येच्यामागनं पत्र न्हाई."

वकिलांना हसलो होतो त्याची लाज वाटली. पेटी बंद करताना म्हाताऱ्याने विचारलं, "आवं पावणं, ही तुमास्नी कुणी धाडली?"

"कोणी नाही."

पुण्यापर्यंत एकोणपन्नास पाठी उलटून पाहिल्या. सगळ्या उत्तम स्थितीत आहेत.