गोदावहिनी हौद्यात बसल्या

परवा पिरंगुटला आमच्या गॅरेजात घडलेलं सांगतो. गंमत म्हणवत नाही... पण मनातून जातही नाही.

मुठा गावच्या गोदावहिनींचा मुलगा प्रकाश पावसाळ्यानंतर गेला. भाजी पोचवून पिकअप घेऊन घरी येत होता. उतारावर मागची चाकं एकदम जाम झाली नि गाडी रस्ता सोडून खाली गेली... गावात मात्र एकच बोलणं, पोरगं सुसाट हाणत होतं.

त्याच्या बायकोला, सुनीताला, तीच गाडी नीट करून हिंजवडीला भाजी न्यायचीय. घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. सासूचं म्हणणं वेगळं. "माझा लेक खाल्ला तिनं. भंगारात घाला."

मागच्या दोन चाकांच्या मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियल, उघडला. आत ऑइलचा थेंब नाही. बेअरिंग जळून काळं ठिक्कर, क्राउनचे दात तुटून तळाशी पडलेले... ऑइल अडवणारं सील बरेच दिवस गळत असणार.

पत्र्याचं काम आधीच उरकलं होतं, परवा नवी क्राउन-पिनियनची जोडी बसवत होतो. मी करत-चुकत शिकलेला माणूस, सवयी जुन्या. क्राउन म्हणजे आतलं मोठं दातेरी चाक, पिनियन म्हणजे त्याला फिरवणारं छोटं. क्राउनच्या दातांना तेलात कालवलेला शेंदूर फासतो आणि हातानं फिरवतो. दाताला दात लागतो तिथला शेंदूर पुसला जातो. डाग मधोमध आला तर ठीक, नाहीतर पातळ चकत्या कमी-जास्त करून पुन्हा सगळं खोल!

सुनीता सकाळपासून तिथंच थांबलेली. तेवढ्यात गोदावहिनी आल्या, भांडायच्या तयारीनं. शेंदूर फासलेलं चाक बघितलं आणि पदर सावरून हातच जोडले की हो... मला हसूही येईना. सांगितलं, देव नाही वहिनी, दात कुठं लागतोय ते बघतोय.

मग त्या स्टुलावर बसूनच राहिल्या. पहिला डाग दाताच्या बुडाशी आला. मी चकत्या बदलत गेलो, त्या विचारत गेल्या, "आता मदी आला का वो?" आला एकदाचा.

मग हळूच म्हणाल्या, "मिस्त्री, बिगडायच्या आदी कळतं का वो काई?"

खोटं बोलवेना. "कळतं. मागनं घूं घूं आवाज येतो."

"मंग प्रकाशला आला आसंल?"

बोलली ती सुनीता. "येत व्हता, आत्या. मी शेजारी बसायची तवा मलाबी येत व्हता. शिजन संपला की बगू, म्हनायचे."

वहिनी उठल्या आणि गाडीच्या मागच्या हौद्याला हात टेकून उभ्या राहिल्या...

संध्याकाळी ऑइल भरून ट्रायलला निघालो. सुनीता स्टिअरिंगवर, मी शेजारी. वहिनी कुठं म्हणून बघतो तर मागं हौद्यात, बरोबर त्या गोळ्याच्या वर, मांडी घालून बसलेल्या! पुढं या म्हटलं, पडाल.

"तुमी चला. आवाज आला तर पत्र्यावर थाप मारीन."

पौड रस्त्यानं गेलो, उतारही घेतला. सुनीता सारखी आरशात बघत होती. थाप पडली नाही.

परत आलो तरी वहिनी तशाच, तळहात पत्र्याला टेकवलेला. डोळ्यांना धार. "न्हाई येत," म्हणाल्या. मग सुनेला, "सकाळी कितीला निगायचं गं? भाजी बांदाया लागंल."

गाड्यांचे आवाज ऐकण्यात माझा जन्म गेला, पण वहिनींसारखा कान मी कधी दिला नव्हता... तुमच्या गाडीचा असा काही आवाज येत असेल तर 'बघू' म्हणू नका, बाबांनो. शेजारी बसलेल्या माणसालाही तो येत असतो.