आपसूक चेपलेला डबा

पडदा वर जातो तो २००३ सालच्या एका तिन्हीसांजेला, देवबाग या किनाऱ्यावरच्या गावातल्या एका स्वयंपाकघरावर. मासे विकणारी शेवंती रॉकेलचा रिकामा डबा उकळत्या पाण्याने विसळते, बूच घट्ट लावते आणि कोपऱ्यात ठेवते. नवऱ्याची होडी दहा दिवस परतलेली नाही. एवढ्यात डबा कण्हतो आणि कुणी मुठीत आवळावा तसा चेपतो.

"माझो झील गेलो गो! सांगूक इलो," मुलाचा आत्माच डब्यात आला असं समजून सासू किंचाळली. "काढ ता मंगळसूत्र!"

शेवंतीच्या अकरावीतल्या लेकीने, सलोनीने, दुसरा डबा तसाच विसळून बंद केला. तोही चेपला.

"आये, आतल्या वाफेचा पाणी झाला. भायली हवा डबो दाबता. बाबा नाय इलो."

शेवंतीने मंगळसूत्र मुठीत धरलं. "मग तो खंय आसा गो?"